वाचकांचे प्रश्न : बेताच्या खर्चातला गेमिंग संगणक

दहावी-बारावीच्या परीक्षा आटोपल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी मोबाइलची बॅटरी किंवा सरकारी संकेतस्थळांवरचे अर्ज यांविषयी विचारणारे वाचक सुट्टीत मुलांच्या वतीने, आणि पुष्कळदा मुले स्वतःच, गेम खेळता येईल असा संगणक बेताच्या पैशांत कसा जुळवावा हे विचारू लागतात. या वेळी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे दिली आहेत. सुट्या भागांचे भाव महिन्याभरात बदलतात आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅम ज्या वेगाने महागली ते पाहता येथे रुपयांत किमती छापल्यास अंक हाती पडेपर्यंत त्या शिळ्या होतील. म्हणून उत्तरांत भावांऐवजी खर्चाचे प्रमाण सांगितले आहे.

प्रश्न : मुलाच्या संगणकासाठी साठ हजार रुपये बाजूला ठेवले आहेत, मॉनिटर वेगळ्या पैशांतून घेणार आहे. दुकानदाराने दिलेल्या यादीत वरच्या दर्जाचा आठ कोअरचा प्रोसेसर, पाण्याने थंड होणारा कूलर आणि रंगीत दिव्यांचे काचेचे कॅबिनेट आहे. ग्राफिक्स कार्ड मात्र चार जीबीचे आहे. मुलाचे म्हणणे असे की यादी उलटी झाली आहे. कोणाचे ऐकावे? — एक पालक, अमळनेर

उत्तर : मुलाचे ऐकावे. दुकानदारावर संशय घेण्याचे मात्र कारण नाही, कारण हिशेबाच्या आणि कार्यालयीन कामाच्या संगणकात प्रोसेसरच महत्त्वाचा असतो आणि तालुक्याच्या दुकानाची बहुतेक गिऱ्हाइके आजवर तीच होती. गेम चालताना परिस्थिती वेगळी असते. पात्रांच्या हालचाली आणि खेळाचे नियम यांचा हिशेब प्रोसेसर ठेवतो, पण पडद्यावर सेकंदाला साठ-सत्तर वेळा उमटणारे चित्र ग्राफिक्स कार्ड तयार करते, आणि हे कार्डच मंद असेल तर प्रोसेसर कितीही वेगवान असला तरी तो कार्डाचे काम उरकण्याची वाट पाहत बसतो.

निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करावी, कारण कार्डावर पडणारा भार त्यावरून ठरतो. फुल एचडी म्हणजे १९२० गुणिले १०८० बिंदूंचा, आयपीएस पॅनेलचा, १०० ते १४४ हर्ट्झचा चोवीस इंची मॉनिटर आपल्या बेताला योग्य आहे. २५६० गुणिले १४४० बिंदूंचा मॉनिटर दुकानात शेजारी ठेवलेला पाहून मोह होईल, पण त्यात प्रत्येक चित्रामागे पावणेदोन पटींहून अधिक बिंदू रंगवावे लागतात आणि तेवढ्या ताकदीचे कार्ड या पैशांत बसत नाही.

मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेपैकी पस्तीस ते चाळीस टक्के रक्कम ग्राफिक्स कार्डावर खर्च व्हायला हवी आणि त्याची स्वतःची मेमरी आठ जीबीपेक्षा कमी नसावी. आपल्या यादीतले चार जीबीचे कार्ड आरएक्स ६५०० एक्सटी असेल, तर ते आणखी एका कारणासाठी टाळावे. ते मदरबोर्डाशी केवळ चार लेनने, म्हणजे माहितीच्या चार मार्गांनी, जोडले जाते आणि पीसीआय एक्सप्रेस या जोडणीच्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर बसवल्यास मेमरी भरताक्षणी त्याचा वेग स्पष्टपणे घसरतो. आरटीएक्स ३०५० या एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे विकली जातात, हेही ध्यानात ठेवावे : २०२२ चे आठ जीबीचे आणि २०२४ चे सहा जीबीचे. दुसऱ्यात कोअरही कमी आणि मेमरीचा मार्गही १२८ ऐवजी ९६ बिटांचा आहे. नाव मात्र तेच, त्यामुळे बिलावर जीबीचा आकडा लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. विचारात घेण्याजोगी कार्डे म्हणजे बाजारात मिळते तोवर आरएक्स ६६००, आणि नव्यांपैकी आरटीएक्स ५०५० किंवा पैसे पुरल्यास ५०६०. इंटेलच्या आर्क बी५८० मध्ये बारा जीबी मेमरी आहे आणि ते आकर्षक आहे, परंतु मदरबोर्डावर रीसाइझेबल बार ही (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय सुरू नसेल किंवा प्रोसेसर जुना असेल तर ते आपली खरी ताकद दाखवत नाही.

एवढे ठरले की प्रोसेसर आपोआप ठरतो. रायझन ५ ५६०० किंवा कोअर आय-५ १२४००एफ यांपैकी कोणताही घ्यावा. दोघांत सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत आणि वर सांगितलेल्या कार्डांना ते पुरेसे काम पुरवतात. यांना पाण्याच्या कूलरची गरज नाही. रायझन घेतल्यास मदरबोर्ड ए५२० किंवा बी४५० ऐवजी बी५५० चा पाहावा, कारण आरएक्स ६६०० आणि आरटीएक्स ५०६० ही दोन्ही कार्डे आठच लेन वापरतात आणि चौथ्या पिढीची जोडणी बी५५० वरच मिळते. एएम५ हे रायझनचे नवे सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची जागा) घ्यावे, म्हणजे पुढे प्रोसेसर बदलता येईल, असा सल्ला आपल्या मुलाने वाचला असेल. तो सल्ला चुकीचा नाही. पण त्यासाठी डीडीआर५ रॅम आणि महाग बोर्ड घ्यावा लागतो, आणि साठ हजारांत ते पैसे कार्डातूनच काढावे लागतील. माझे मत एएम४ च्या, म्हणजे ५६०० ज्यावर बसतो त्या जुन्या सॉकेटच्या, बाजूने आहे, विशेषतः घरात जुन्या संगणकाची डीडीआर४ रॅम पडून असेल तर.

रॅम सोळा जीबी, आणि तीही आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घ्यावी, म्हणजे दोन्ही मार्ग वापरले जातात. संगणक सुरू झाल्यावर बायॉसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगाने चालवणारी सोय) चालू करायला दुकानदाराला सांगावे. ते केले नाही तर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वरच चालत राहते आणि घेणाऱ्याला ते वर्षानुवर्षे कळत नाही. एसएसडी एनव्हीएमई प्रकारची, जमल्यास एक टीबीची घ्यावी, कारण शंभर जीबीहून मोठे गेम आता सर्रास येतात. काचेचे कॅबिनेट आणि दिवे वगळावेत. त्यातून वाचणारे पैसे एसएमपीएसकडे, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीकडे, वळवावेत; त्याविषयी पुढे चोपड्याच्या वाचकाच्या प्रश्नात सविस्तर लिहिले आहे.

प्रश्न : आय-५ १२४००एफ प्रोसेसर घेतला, ग्राफिक्स कार्ड दिवाळीत घेणार आहे. सगळे जोडले, पंखे फिरतात, पण मॉनिटरवर काहीच येत नाही. बोर्ड खराब निघाला का? — एक विद्यार्थी, शिरपूर

उत्तर : बोर्ड बहुधा ठीक आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावातला शेवटचा एफ म्हणजे त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डावरच्या एचडीएमआयच्या जागेतून चित्र येणारच नाही. कोणाचे तरी जुने कार्ड उसने आणून बसवावे, किंवा दुकानदार तयार असेल तर थोडे पैसे भरून एफ नसलेला १२४०० बदलून घ्यावा.

प्रश्न : धुळ्यात खोली घेऊन शिकतो. घरून पस्तीस हजार मिळणार आहेत, त्यातच मॉनिटर, कीबोर्ड सगळे बसवायचे आहे. सध्या ग्राफिक्स कार्डाशिवाय चालेल असे काही आहे का? व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक आणि जीटीए ५ एवढेच खेळतो. — एक अभियांत्रिकी विद्यार्थी, धुळे

उत्तर : आपण नेमके गेम सांगितलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. व्हॅलोरंट २०२० पासून आणि जीटीए ५ संगणकावर २०१५ पासून आहे. हे दोन्ही गेम साध्या संगणकांवरही चालतात. रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये वेगा जातीचे ग्राफिक्स अंगभूत आहे आणि त्यावर हे दोन्ही कमी-मध्यम सेटिंगवर समाधानकारक चालतात. काउंटर-स्ट्राइकची २०२३ ची नवी आवृत्ती अधिक जड आहे. तिच्यासाठी चित्राचे रिझोल्यूशन उतरवावे लागेल.

या मार्गात एक अट कटाक्षाने पाळावी लागते. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाची रॅमच वापरते; म्हणून रॅमची एकच पट्टी बसवली तर तोच प्रोसेसर जणू अर्ध्या रस्त्यावर धावतो. आठ जीबीच्या दोन पट्ट्या ही येथे चैन नाही. दुकानदार “आत्ता एक घ्या, पुढे दुसरी टाकू” म्हणेल, कारण रॅम महागल्यापासून सगळेच असे म्हणू लागले आहेत. कार्ड असलेल्या संगणकात ते एकवेळ चालते, येथे चालत नाही. सोळा जीबीला पैसे पुरतच नसतील तर चार-चारच्या दोन पट्ट्या घेण्यापेक्षा मॉनिटर वापरलेला घ्यावा आणि रॅम पूर्ण घ्यावी.

पुढे कार्ड बसवण्याचा बेत असेल तर ५६००जी ची मर्यादाही माहीत असावी. त्यात तिसऱ्या स्तराची कॅशे मेमरी सोळा एमबी आहे, ५६०० मध्ये बत्तीस; शिवाय तो पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीवरच थांबतो, बोर्ड बी५५० चा असला तरीही. मध्यम ताकदीच्या कार्डासोबत तो दोन-तीन वर्षे चांगला चालेल, पण नंतरच्या महागड्या कार्डाची आशा त्यावर ठेवू नये. आणि व्हॅलोरंटसाठी एक सूचना : विंडोज ११ वर तो टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो. दोन्ही सोयी या बोर्डांत असतात, मात्र कधीकधी बायॉसमध्ये बंद असतात. गेम सुरू होत नाही म्हणून विंडोज पुन्हा टाकण्याआधी तेथे पाहावे.

प्रश्न : येथील दुकानात “आय-७, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी” असा कंपनीचा वापरलेला संगणक अठरा हजारांत मिळतो आहे. आय-७ एवढ्या स्वस्तात मिळत असेल तर घ्यावा का? — एक शिक्षिका, शहादा

उत्तर : आय-७ या दोन अक्षरांवर जाऊ नये, त्यापुढचा आकडा विचारावा. आकडा २६०० असेल तर तो प्रोसेसर २०११ चा, ३७७० असेल तर २०१२ चा आहे. या दोन पिढ्यांत एव्हीएक्स२ नावाच्या आज्ञा नाहीत आणि अलीकडचे काही गेम त्या नसतील तर उघडतच नाहीत. विंडोज ११ ही प्रणाली अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, आणि विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. “चार जीबी ग्राफिक्स” म्हणजे अशा संगणकात बहुधा जीटी ७३० असते. ते २०१४ चे, तेव्हाही गेमसाठी न बनवलेले कार्ड असून मेमरी चार जीबी असली तरी ती इतकी मंद असते की आकड्याचा उपयोग फक्त जाहिरातीला होतो.

वापरलेला संगणक घेऊच नये असे मात्र नाही. कार्यालयांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क किंवा लेनोव्हो थिंकसेंटर हे मजबूत असतात, आणि त्यात आय-५ ८५०० सारखा आठव्या पिढीचा सहा कोअरचा प्रोसेसर असेल तर कमी पैशांत तो चांगला पाया ठरतो. अडचण येते ती कार्ड बसवताना. या कंपन्यांचे एसएमपीएस आणि त्यांची जोडणी नेहमीच्या मापाची नसते, त्यामुळे बाजारातला नवा एसएमपीएस सरळ बसत नाही, आणि मूळचा दोनशे-अडीचशे वॅटचा असून त्याला कार्डासाठीची वेगळी वायरही नसते. पहिल्या उत्तरात ज्याच्याविषयी सावध केले ते सहा जीबीचे आरटीएक्स ३०५० नेमके येथे उपयोगी पडते, कारण ते सत्तर वॅटवर, वेगळ्या वायरीशिवाय चालते. कॅबिनेट उभे आणि रुंद आहे की आडवे, चपटे, हे घेण्याआधी पाहावे. चपट्यात फक्त अर्ध्या उंचीचे कार्ड मावते.

प्रश्न : ओळखीच्या मुलाकडून वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेत आहे. काय तपासावे? — एक वाचक, पाचोरा

उत्तर : सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची खणणीची पद्धत बंद झाली आणि त्या कामाला जुंपलेली कार्डे मोठ्या संख्येने जुन्या बाजारात आली, आरएक्स ५८० हे नाव असलेली पुष्कळ कार्डे त्यांपैकीच आहेत. खणणीने कार्ड खराब झालेच असेल असे नाही, पण त्याचे पंखे आणि मेमरीवरचे पॅड बहुधा दमलेले असतात. आरएक्स ५८० मध्ये “२०४८ एसपी” असे लिहिलेले असेल तर ते प्रत्यक्षात ५७० च्या ताकदीचे आहे, आणि भाव त्याप्रमाणे करावा.

कार्ड आपल्या समोर संगणकात बसवून जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम चालवावा. जुन्या चिपवर खोटे बायॉस चढवून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डे आजही फिरतात आणि हा प्रोग्राम अशा कार्डाच्या नावाआधी “फेक” असा शब्द दाखवतो. त्यानंतर एखादा जड गेम निदान अर्धा तास चालवून चित्रात ठिपके किंवा रेघा उमटतात का ते पाहावे. पाच मिनिटांच्या चाचणीत गरम होऊन बिघडणारे कार्ड पकडले जात नाही. ओळखीचा माणूस असला तरी मूळ बिल मागण्यात संकोच करू नये, कारण उरलेली वॉरंटी त्यावरच चालते. अलीकडे काही मोठे गेम रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे, हार्डवेअर असल्याशिवाय सुरूच होत नाहीत, आणि आरएक्स ५८० किंवा जीटीएक्स १६६० यांत ते नाही. जुने गेम खेळणाऱ्याला याची चिंता नको.

प्रश्न : आमची वस्ती गावाबाहेर मळ्यात आहे. संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरते, वीज गेली-आली की एकदम चढते. कॅबिनेटसोबत साडेचारशे वॅटचा एसएमपीएस फुकट मिळतो आहे. तो चालेल का? घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवता येईल का? — एक शेतकरी वाचक, चोपडा तालुका

उत्तर : फुकट मिळणारा एसएमपीएस दुकानातच ठेवून यावा. त्याच्या अंगावरच्या मोठ्या आकड्याला अर्थ नसतो; बाजूच्या तक्त्यात बारा व्होल्टपुढे किती अँपिअर छापले आहेत ते पाहावे, कारण प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही मुख्यतः बारा व्होल्टवरच चालतात. तेथे सोळा-सतरा अँपिअर असतील तर बाराने गुणल्यावर दोनशे वॅटच्या आसपास उत्तर येते, म्हणजे “साडेचारशे वॅट” हे नुसते नाव आहे. चांगल्या साडेचारशेच्या तक्त्यात तेथे छत्तीसच्या जवळचा आकडा असतो. गरज किती याचा हिशेबही सोपा आहे : आरएक्स ६६०० सुमारे १३२ वॅट, ५६०० प्रोसेसर पूर्ण भारावर पाऊणशेच्या आसपास, बाकी सगळे मिळून चाळीस-पन्नास. एकूण अडीचशेच्या वर थोडे. म्हणून ८० प्लस ब्रॉन्झ प्रमाणपत्राचा, ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरे आहे. एकूण खर्चाच्या आठ-दहा टक्के यावर जाऊ द्यावेत. साडेसातशे वॅटचा घेऊन काही मिळत नाही.

आपल्या वस्तीसाठी त्या तक्त्यातला आणखी एक आकडा महत्त्वाचा आहे. इनपुटपुढे “१००–२४०” असे छापलेला, अॅक्टिव्ह पीएफसी असलेला एसएमपीएस १७० व्होल्टवर विनातक्रार चालतो. “२००–२४०” असे छापलेला त्याच वेळी बंद पडू शकतो. रब्बीत पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरणे आपल्याकडे नवे नाही, त्यामुळे वेगळा स्टॅबिलायझर घेण्यापेक्षा असा एसएमपीएस निवडणे स्वस्तही आहे आणि खात्रीचेही. उतरलेल्या व्होल्टेजपेक्षा चढलेले अधिक घातक असते. डीपीवर न्यूट्रल तुटला तर सिंगल फेजच्या घरात चारशे व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि तो कोणताही एसएमपीएस सोसत नाही. मीटरच्या बोर्डात कमी-जास्त व्होल्टेजला पुरवठा तोडणारे स्वयंचलित प्रोटेक्टर वायरमनकडून बसवून घ्यावे; त्याने संगणकाबरोबर फ्रिज आणि टीव्हीही वाचतील.

इन्व्हर्टरविषयी : तो साइन वेव्हचा असावा आणि त्याच्या मागचे बटण यूपीएस मोडवर असावे. वीज गेल्यावर एसएमपीएस आपल्या आतल्या साठ्यावर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडवर बदल त्याच्या आत होतो, साध्या मोडवर होत नाही आणि संगणक पुन्हा सुरू होतो. स्वतंत्र यूपीएस घेतल्यास ६०० व्हीएचा यूपीएस सुमारे ३६० वॅटच देतो, हे लक्षात घ्यावे. गेम जतन करून संगणक बंद करण्यापुरता वेळ त्यावर मिळतो, खेळत राहण्यापुरता नाही. इन्व्हर्टरवर तासन्‌तास खेळणे शक्य आहे, परंतु मे महिन्याच्या रात्री घरातल्या पंख्यांची बॅटरी गेमवर खर्च झाली तर घरात काय ऐकावे लागेल, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

प्रश्न : नव्या संगणकाच्या कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. टेस्टरही पेटतो. दुकानदार म्हणतो सगळ्यांचेच असे होते. — एक वाचक, रावेर

उत्तर : सगळ्यांचे होत असेल तर सगळ्यांच्याच घरी अर्थिंग नाही, एवढाच त्याचा अर्थ. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळण्यासाठी दोन लहान कपॅसिटर असतात, एक फेजपासून आणि एक न्यूट्रलपासून, आणि दोन्हींची दुसरी टोके कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेली असतात. तिसऱ्या पिनमधून जमिनीकडे वाट मिळाली तर तो अत्यल्प प्रवाह तिकडे निघून जातो. वाट नसेल तर पत्रा फेजच्या जवळपास अर्ध्या दाबावर तरंगत राहतो आणि हात लावणाऱ्याच्या शरीरातून वाट काढतो. हा प्रवाह एक मिलिअँपिअरहून कमी असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात. पण आत एखादी वायर खरोखर पत्र्याला टेकली तर अर्थिंग नसलेल्या घरात तोच पत्रा जीव घेऊ शकतो. शिवाय अशा संगणकाला टीव्ही जोडताना एचडीएमआयची जागा जळण्याचा धोका असतो.

वायरमनला बोलावून फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून पाहायला सांगावे. तो पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देण्याची युक्ती काही जण करतात, ती कधीही मान्य करू नये, कारण न्यूट्रल सुटला की कॅबिनेट थेट फेजवर येते. अर्थिंगचा खड्डा असूनही उन्हाळ्यात झिणझिण्या येत असतील तर आपल्या काळ्या जमिनीला पडणाऱ्या भेगांकडे पाहावे. खड्डा कोरडा पडला की त्याची वाट अडखळते. मीठ-कोळसा तपासून त्यात नियमित पाणी घालावे.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी खेळताना गेम अडखळतो, संध्याकाळी नीट चालतो. कूलर संगणकाच्या समोर ठेवला तर उपयोग होईल का? — एक वाचक, भुसावळ

उत्तर : बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंश असताना खोलीत चाळीसच्या आसपास तापमान असते, आणि संगणकाचा पंखा खोलीतलीच हवा आत घेतो. हिवाळ्यात पंचवीस अंशांच्या खोलीत सत्तरवर राहणारा प्रोसेसर त्यामुळे पंच्याऐंशीवर पोहोचतो. रायझन ५ ५६०० ची मर्यादा नव्वद अंश आहे, आणि तिच्या जवळ गेला की तो आपला वेग आपणच कमी करतो. आपल्याला जाणवणारे अडखळणे बहुधा हेच आहे.

पाण्याचा कूलर खोली थंड करण्यासाठी अवश्य लावावा, पण त्याचा झोत कॅबिनेटवर सरळ घेऊ नये. दमट हवेने संगणकाच्या आत दव धरत नाही, कारण आतले भाग हवेपेक्षा गरमच असतात. नुकसान होते ते वाळ्यातून किंवा पॅडमधून उडणाऱ्या बारीक थेंबांमुळे, कारण आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार त्यांबरोबर येतात आणि ओलाव्यावर धूळ चिकटून पंखांच्या फटी बुजतात. जिनिंगच्या परिसरात राहणाऱ्यांच्या संगणकात तर कापसाच्या तंतूंचा पातळ पापुद्राच आढळतो. खिडकी उघडी ठेवून कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला चालवावा आणि दर दोन महिन्यांनी ब्लोअरने धूळ काढावी, पंख्याचे पाते बोटाने धरून.

त्याआधी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहावा. मॉनिटर शंभर हर्ट्झचा असेल आणि गेम सेकंदाला दीडशे चित्रे बनवत असेल तर वरची पन्नास नुसती उष्णता निर्माण करतात. गेमच्या किंवा ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये मर्यादा शंभरवर, उन्हाळ्यात साठवर ठेवावी. एवढ्याने कार्डाचे तापमान दहा अंशांपर्यंतही उतरलेले मी पाहिले आहे. तरीही न भागल्यास प्रोसेसरसोबत आलेला छोटा पंखा बदलून उभा टॉवर कूलर बसवावा. आणि कॅबिनेटची पुढची बाजू काचेची असेल तर ती काढून खेळून पाहावे. फरक पडला तर दोष कोठे आहे ते कळले.

प्रश्न : भाग सुरतेहून आणावेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, जळगावहून की ऑनलाइन? — एक वाचक, नंदुरबार

उत्तर : प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी क्वचित बिघडतात, ते जेथे जीएसटीच्या पक्क्या बिलासह स्वस्त मिळतील तेथून घ्यावेत. मॉनिटर, एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड यांचे तसे नाही. यांसाठी त्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर आपल्याला कोठे जवळ पडते ते आधी शोधावे आणि वॉरंटीत वस्तू पाठवण्याचा खर्च कोण करणार हे विचारून घ्यावे. आपल्याला सुरत सोयीची पडेल, जळगावकरांना कदाचित नाशिक. तीन-चारशे रुपयांच्या फरकासाठी ही तीन दूरवरून आणू नयेत. सगळे भाग एकाच दुकानातून घेतल्यास जोडणी आणि चाचणी तेथेच आपल्यासमोर करून घ्यावी, रिकामे खोके सीरियल नंबरांसह घरी आणावेत आणि वॉरंटी संपेपर्यंत ते रद्दीत घालू नयेत.